कॉलेज करता करता व्हिडिओ बनवायचेत तर कुठून सुरू करायचं

कॅमेरा कुठला घेऊ हा प्रश्न मला ज्युनिअर्सकडून सारखा येतो आणि माझं उत्तर ठरलेलं आहे, आत्ता काहीच घेऊ नका. खिशात जो फोन आहे तो बास आहे, मागच्या चार-पाच वर्षांतला कुठलाही बरा फोन १०८० मध्ये, म्हणजे फुल एचडीत, स्वच्छ शूट करतो. अडतं ते दुसरीकडेच. एक म्हणजे कशाचा व्हिडिओ करायचा तेच नक्की नसतं, आणि दुसरं म्हणजे आवाज घाण येतो. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं सगळं हळूहळू शिकता येतं, आणि या दोन जमल्या नाहीत तर लाखाचा कॅमेरा आणून पण उपयोग नाही. मी पुण्यात टी.वाय.ला आहे, हॉस्टेलवर राहते, लेक्चर, प्रॅक्टिकल, सबमिशन सगळं सांभाळून हे करते, त्यामुळे खाली जे लिहितेय ते स्टुडिओवाल्यांसाठी नाहीये, ज्यांच्या रूममध्ये अजून दोन-तीन पार्टनर आहेत आणि दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो त्यांच्यासाठी आहे.

आधी विषय. विषय निवडताना मी एकच गोष्ट बघते, कॅमेऱ्यासमोर काहीतरी बदलताना दिसलं पाहिजे. सुरुवातीला एक असेल आणि शेवटी दुसरंच झालेलं असेल असं कुठलंही काम चालेल. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, मोठा चित्रपट काढायच्या आधी, वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून एक छोटी फिल्म केली आणि ती लोकांना दाखवून पैसे उभे केले. त्यात नट नाहीत, संवाद नाहीत, फक्त बी आणि मग रोप. पण पुढे काय होतंय हे बघायची इच्छा माणसाला असतेच आणि तेवढ्यावर व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला जातो.

म्हणून पहिला व्हिडिओ 'माझा कॉलेजचा दिवस' असा करू नका असं मी सांगते. तो वाटतो सोपा पण असतो सगळ्यात अवघड, कारण त्यात नक्की काय बघायचं हे बघणाऱ्याला कळत नाही आणि बनवणाऱ्यालाही कळत नाही. त्यापेक्षा एखादं हाताचं काम घ्या. मी पूर्ण लेखभर एकच उदाहरण धरून सांगते म्हणजे गोंधळ होणार नाही, कल्हईचं. काळवंडलेलं पितळेचं पातेलं येतं, घासून स्वच्छ होतं, कोळशाच्या भट्टीवर तापतं, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी आतून टेकवायची, ती वितळते, कापसाच्या बोळ्याने फिरवत गेलं की बघता बघता आतली बाजू चांदीसारखी होते आणि शेवटी पाण्यात बुडवलं की चर्रर्र. पाच-सहा मिनिटांच्या व्हिडिओसाठी यात सगळं आलं, सुरुवात आहे, मधे उत्सुकता आहे, शेवट आहे, आग आहे, धूर आहे, आवाज आहेत. शिवाय 'हे का करतात' याचंही उत्तर आहे, पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं काही ठेवलं की ते कळकतं म्हणून आतून कथलाचा थर, आणि घराघरात स्टील आलं तसं हे काम कमी होत गेलं.

तुमच्याकडे कल्हईवाले नसतील तर दुसरं काही असेलच. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तिथे तांब्याच्या भांड्यांवर ठोके देऊन माठारकाम करतात. मिरजेला सतारी आणि तंबोरे बनतात, येवल्याला पैठणीचे माग आहेत, पेणला गणपतीच्या मूर्ती, कोल्हापूरला चपला. आणि यातलं काहीच जवळ नसेल तर कॉलेजच्या गेटवरचा सायकलवाला पंक्चर काढतो ते पण चालेल, खरंच चालेल. फक्त जागा चालत जाता येईल किंवा एका बसने जाता येईल अशी घ्या. कारण पहिल्यांदा गेल्यावर सगळं मिळत नाही, परत जावं लागतं, आणि लांबची जागा असेल तर ते परत जाणं होत नाही मग व्हिडिओ अर्धवट पडून राहतो.

जवळचंच माणूस घेतलं की काय होऊ शकतं याचं महाराष्ट्रातलं उदाहरण सगळ्यांना माहितीये, अहमदनगर म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी. आजी स्वयंपाक करणार आणि नातू शूट करणार, चॅनलचं नाव 'आपली आजी'. शाळा-कॉलेजच्या वयाचा नातू, घरचंच स्वयंपाकघर आणि आजीची रोजची भाषा. मला त्यात आवडतं ते हे की आजींना कुणी बोलायचं कसं ते शिकवलेलं नाही.

आता परवानगी. पहिल्यांदा जाल तेव्हा फोन खिशातच ठेवा. नुसतं जायचं, बसायचं, काम बघायचं, चहा घ्यायचा. मग विचारायचं, काका आम्ही कॉलेजची मुलं आहोत, तुमच्या कामाचा व्हिडिओ करायचाय, युट्यूबवर टाकणार आहोत, चालेल का. युट्यूबवर टाकणार हे स्पष्ट सांगायचंच, बरेच जण फक्त 'प्रोजेक्ट आहे' म्हणतात आणि ते मला बरोबर वाटत नाही, माणसाला आपला चेहरा कुठे जाणार आहे हे कळलं पाहिजे. नाही म्हणाले तर नमस्कार करून निघायचं. हो म्हणाले तर शूटच्या दिवशी रेकॉर्डिंग चालू करून परत एकदा विचारायचं म्हणजे होकार रेकॉर्ड होतो. आणि माझी एक पद्धत आहे, घरातलं किंवा नातेवाइकांकडचं एक जुनं भांडं घेऊन जायचं आणि पूर्ण पैसे देऊन कल्हई करून घ्यायची. त्यांचा वेळ फुकट जात नाही, आणि आपल्याला 'काका एक मिनिट थांबा, हे परत दाखवता का' असं म्हणायचा थोडा हक्क राहतो. लहान मुलं फ्रेममध्ये येत असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारा, आणि रस्त्यावरच्या बायकांचे क्लोजअप परस्पर घेऊ नका, हे सांगायला लागू नये पण सांगतेय.

काही ठिकाणी मात्र माणसाची परवानगी पुरत नाही. रायगड, शिवनेरी, लोहगड हे किल्ले पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे साधं शूट आणि ट्रायपॉड, लाइट लावून केलेलं शूट यांचे नियम वेगळे आहेत, ट्रायपॉड न्यायचा असेल तर आधी परवानगी काढा. पुण्यात खडकी, देहू रोड, खडकवासल्याच्या एनडीएचा परिसर, जिथे लष्कराचं काहीही आहे तिथे फोन वर काढूच नका. रेल्वे स्टेशन आणि मेट्रोत आधी तिथल्या ऑफिसमध्ये विचारा. मित्राचा ड्रोन मिळतोय म्हणून लगेच उडवू नका, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर आपली जागा लाल, पिवळी की हिरवी हे बघितल्याशिवाय उडवायचा नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दहा व्हिडिओंना ड्रोन लागतच नाही.

शूटच्या आदल्या रात्री फोनमध्ये जागा करा. १०८० ला साधारण मिनिटाला ६० ते १३० एमबी जातात आणि फोरकेला, म्हणजे त्याहून बारीक चित्राच्या सेटिंगला, त्याच्या अडीच-तीन पट, म्हणजे दोन तासांचं शूट १०८० ला केलं तरी पंधरा-सोळा जीबी मोकळे पाहिजेत. मी फोरके करतच नाही, फोनवर एडिट करताना तो रडतो आणि बघणारे बहुतेक फोनवरच बघतात. लेन्स कॉटनच्या कपड्याने पुसा, ही फुकटातली सगळ्यात मोठी सुधारणा आहे. आणि रेकॉर्ड करताना फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बरोबर नवसागर टाकायच्या क्षणी कुणाचा तरी फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं.

सेटिंगमधली एक गोष्ट जी अमेरिकन व्हिडिओंमध्ये सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे प्रश्नच वेगळा असतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण फोनला दिसतं, म्हणून दुकानात, क्लासरूममध्ये शूट केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. यावर उपाय म्हणजे प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सेटिंग आपल्या हाताने बदलता येतात तिथे, जाऊन शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचं आणि फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, २५ मिळत असेल तर २५. फोनच्या ॲपमध्ये व्हिडिओला प्रो मोड नसेल तर ओपन कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, ब्लॅकमॅजिक कॅमेरा पण फुकट आहे पण ते सगळ्या फोनवर चालत नाही. तेवढं नको असेल तर निदान स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा. कल्हईत हे फार लागतं, कारण भट्टीची आग भडकली की फोन घाबरून सगळं अंधारं करतो आणि आग बसली की परत सगळं पांढरं. आगीच्या शेजारी पातेल्याच्या कडेवर लॉक करायचं, मग दोन्ही दिसतं. फोन भट्टीच्या फार जवळ नेऊ नका, तापून बंद पडतो, आणि नवसागरचा धूर घशाला लागतो त्यामुळे वारा कुठून येतोय ते बघून उभं राहायचं. एप्रिल-मेमध्ये शूट सकाळी नवाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, भर दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या येतात.

शॉट कसे घ्यायचे. फोन आडवा, उभे शॉट्स नंतर वेगळे घ्या. प्रत्येक गोष्टीचे तीन शॉट, लांबून म्हणजे जागा कळेल, मधून म्हणजे माणूस आणि काम दोन्ही दिसेल, आणि एकदम जवळून, नुसते हात. प्रत्येक शॉट मनात दहा मोजेपर्यंत हलवायचा नाही. हे ऐकायला साधं आहे पण सगळ्यात जास्त इथेच घाई होते, दोन सेकंदाला फोन दुसरीकडे जातो आणि एडिटला बसल्यावर कापायला काही उरत नाही. झूम बोटाने करू नका, पाय वापरा, दोन पावलं पुढे जा. चार-पाचशे रुपयांचा ट्रायपॉड मिळतो तो बास, आणि नसेल तर फोन दोन्ही हातांत धरून कोपरं अंगाला चिकटवून श्वास सोडत शूट करा, बऱ्यापैकी स्थिर येतं. एक शॉट मात्र विसरू नका, काका काम करताना त्यांचा फक्त चेहरा, हात दिसत नाहीत, ते कुठे बघतायत ते दिसतंय. एडिटमध्ये दोन वेगवेगळे तुकडे जोडायचे असतील की मधे हा चेहरा टाकायचा, कुणाला कळत पण नाही.

आता आवाज, यावर मी जास्त बोलणार आहे कारण यावर कुणी बोलत नाही. चित्र थोडं खराब असेल तर लोक चालवून घेतात, आवाज खराब असेल तर पहिल्या दहा सेकंदांत निघून जातात, स्वतःचंच बघा तुम्ही काय करता ते. फोनचा स्वतःचा माइक दोन-तीन फुटांच्या पलीकडे गेला की सगळं जग ऐकतो, रिक्षा, हॉर्न, शेजारचा टीव्ही, आणि ज्याचं ऐकायचं त्याचं कमी. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च वायरचा कॉलर माइक, हजार रुपयांच्या आत येतो. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीचा कनेक्टर लागेल, तो दुकानात लावून, रेकॉर्ड करून, ऐकून मगच घ्या, काही कनेक्टर फक्त गाणी ऐकायला चालतात, माइकला चालत नाहीत.

कॉलर माइक पण घ्यायचा नसेल तर अजून एक मार्ग आहे, मित्राचा फोन घ्या, त्यात व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तो काकांच्या शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, माइकची बाजू वर. तुमच्या फोनवर व्हिडिओ चालू झाला की समोर एक टाळी वाजवा. एडिटमध्ये दोन्हीकडे टाळीची उंच रेघ दिसते, त्या दोन रेघा एकाखाली एक आणल्या की आवाज आणि ओठ जुळले. लांब रेकॉर्डिंगमध्ये आवाज हळूहळू सरकतो कारण फोन फ्रेमरेट स्वतःच कमीजास्त करतात, त्यामुळे पाच-सात मिनिटांनी थांबवून परत टाळी द्यायची.

काम चालू असतानाचे आवाज वेगळे घ्या. कोळसा तडतडतो तो, भात्याचा श्वास घेतल्यासारखा आवाज, कापूस पातेल्यात फिरतो ती खसखस, पाण्यातली चर्रर्र. यासाठी फोन अगदी जवळ न्यायचा, त्या वेळी चित्र कसं येतंय याची काळजीच करायची नाही, फक्त आवाज. तांबट आळीसारखी जागा असेल तर उलटं आहे, तिथे हातोड्यांचे ठोके इतके मोठे असतात की जवळून घेतले तर फाटतात, तिथे चार पावलं मागे जा आणि काकांशी बोलणं मात्र जेवणाच्या सुट्टीत करा. आणि निघायच्या आधी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प राहायला सांगून नुसता त्या जागेचा आवाज रेकॉर्ड करा. काहीच घडत नाहीये असं वाटतं, पण नंतर बोलण्यातली वाक्यं कापून जोडली की मधे जी एकदम भयाण शांतता येते ती बुजवायला हाच आवाज लागतो.

हॉस्टेलवर स्वतःच्या आवाजात काही रेकॉर्ड करायचं असेल तर खोली घुमते. गाद्या उभ्या करा, कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे तोंड करून बोला, किंवा सरळ डोक्यावरून गोधडी घ्या आणि आत फोन धरून बोला, उकडतं पण आवाज रेडिओसारखा येतो. पंखा बंद. घरी असाल तर सकाळी कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर, संध्याकाळी सिरियल, त्यामुळे दुपारी दोन ते चार हीच वेळ. रेकॉर्डिंग लेव्हल दिसत असेल तर सगळ्यात मोठा आवाज उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मधे ठेवा, लाल रेघेला लागला की तो नंतर दुरुस्त होत नाही.

प्रश्न विचारणं ही पण शिकायची गोष्ट आहे. 'तुम्हाला हे काम आवडतं का' विचारलं की 'हो आवडतं' एवढंच येणार. 'पहिल्यांदा भट्टीवर बसलात तेव्हा काय झालं होतं ते सांगा ना' असं विचारलं की गोष्ट येते. 'कोणतं भांडं सगळ्यात त्रास देतं', 'दिवाळीच्या आधी इथे किती गर्दी असायची', 'मुलं हे काम शिकली का', असे प्रश्न. उत्तर संपलं असं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, मनात तीन मोजा, बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या तीन आकड्यांनंतर येते. आणि आपला आवाज कापणार असाल तर त्यांना आधीच सांगा की काका उत्तरात प्रश्न पण घ्या, म्हणजे 'तीस वर्षं' असं म्हणू नका, 'मी हे काम तीस वर्षं करतोय' असं म्हणा. ते त्यांच्या बोलीत बोलतील, हिंदी-मराठी मिसळून बोलतील, बोलू द्या. शुद्ध बोला असं सांगितलं की माणूस आखडतो आणि मग नुसतं भाषण येतं.

एडिटिंग. फोनवर व्हीएन किंवा काइनमास्टर, काइनमास्टरच्या फुकट व्हर्जनला वॉटरमार्क येतो. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राकडे बरा कॉम्प्युटर असेल तर दा विंची रिझॉल्व्ह शिका, फुकट व्हर्जनमध्ये आपल्याला लागतं ते सगळं आहे. पण ॲप कुठलंही असो, क्रम हा ठेवा. आधी फक्त बोलणं लावा, चित्राकडे बघूच नका. काकांची वाक्यं ऐकून त्यातली चांगली निवडा, क्रम बदला, फाफटपसारा काढा, आणि मग डोळे मिटून ऐका. नुसतं ऐकून गोष्ट कळली पाहिजे. कळली की मग त्यावर शॉट चढवायचे. उलटं केलं, म्हणजे आधी छान छान शॉट लावले आणि मग त्यात बोलणं बसवायला गेलं, की काहीच कापवत नाही, प्रत्येक शॉटवर जीव असतो.

पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यात चांगला शॉट द्या. चॅनलचं नाव फिरत येतं, संगीत वाजतं, 'नमस्कार मित्रांनो' होतं, तोपर्यंत बघणारा गेलेला असतो. सरळ नवसागर टाकलेला धूर दाखवा. पुढच्या शॉटचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी येऊ द्या, म्हणजे काका बोलतायत आणि तेवढ्यात पाण्याची चर्रर्र ऐकू येते आणि मग पातेलं दिसतं, या एका सवयीने व्हिडिओ एकदम वाहता होतो. ट्रान्झिशन, इफेक्ट, फिरणारी अक्षरं शक्यतो नकोच.

संगीताचं नीट वाचा, कारण इथे खूप जण अडकतात. तुकोबांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत, पण ते अमुक गायकाने गायलेलं रेकॉर्डिंग हे कंपनीच्या मालकीचं असतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रेकॉर्डिंगवर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि लेखकाच्या लिखाणावर तो गेल्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे 'फक्त पंधरा सेकंद वापरलंय', 'खाली क्रेडिट दिलंय' याने काही होत नाही, युट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. सोपा मार्ग म्हणजे युट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतलं संगीत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कॉलेजमध्ये कुणीतरी पेटी, तबला, बासरी वाजवणारं असतंच, त्याच्याकडून मिनिटभराचा तुकडा रेकॉर्ड करून घ्या आणि नाव द्या, तो ट्रॅक फक्त तुमच्या व्हिडिओचा असेल. आणि कल्हईच्या व्हिडिओला मी तर म्हणेन संगीत नकोच, भात्याचा आवाज पुरे. कॉपीराइटचे तीन स्ट्राइक, म्हणजे हक्क मोडल्याचे युट्यूबचे इशारे, ९० दिवसांत आले तर चॅनलच जातं, एवढं लक्षात ठेवा.

मराठी अक्षरांसाठी मुक्त (Mukta) आणि बालू (Baloo) हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या संस्थेने केलेले, दोन्ही फॉन्ट फोनवरही छान दिसतात. काही एडिटिंग ॲप्समध्ये जोडाक्षरं तुटतात, 'ऱ्या' आणि 'र्य' हमखास बिघडतात, त्यामुळे एक्स्पोर्ट करायच्या आधी प्रत्येक पाटी वाचून बघा. सबटायटल्स दोन भाषांत द्या, मराठी आणि इंग्रजी. वेळ जातो पण फायदा खरा आहे, लोक बसमध्ये, लेक्चरला आवाज बंद ठेवून बघतात, आणि बाहेरच्या देशात वाढलेली आपली भावंडं असतात ज्यांना आजीची भाषा ऐकून कळते पण पटकन नाही कळत.

थंबनेल, म्हणजे व्हिडिओ उघडायच्या आधी दिसणारं चित्र, १२८० बाय ७२० चा, त्यात एक चेहरा किंवा एक वस्तू, आणि तीन-चारपेक्षा जास्त शब्द नाहीत. स्वतःचा थंबनेल लावायला फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो, ते आधीच करून ठेवा. टायटल मराठीत लिहा पण डिस्क्रिप्शनमध्ये तेच शब्द रोमन लिपीत पण टाका, कारण शोधताना बरेच मराठी लोक रोमनमध्येच टाइप करतात. अपलोडचं गणित असं, १०८० चा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ६०० एमबी होतो, म्हणजे दीड जीबीच्या पॅकमधला बराचसा गेला. रात्री बारानंतर नवीन दिवसाचा डेटा सुरू झाला की अपलोड लावून झोपा, किंवा कॉलेजच्या वायफायवर. आधी अनलिस्टेड टाका, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसतो, एका मित्राला लिंक द्या, एकदा पूर्ण बघायला सांगा, मग पब्लिक करा. शॉर्ट्स, म्हणजे युट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ, आता तीन मिनिटांपर्यंत जातात, त्यामुळे त्याच शूटमधून दोन उभे तुकडे पण निघतात, पण ते मोठ्या व्हिडिओची जाहिरात म्हणून वापरा.

चॅनलच्या ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, आजच लावा. वर आजींचं सांगितलं, त्यांचं चॅनल २०२० मध्ये हॅक झालं होतं, नशिबाने परत मिळालं. 'स्पॉन्सरशिप' असं लिहिलेल्या ईमेलमधली फाइल उघडायची नाही, लहान चॅनलवाल्यांना याच जाळ्यात पकडतात.

पैशांचं विचारतातच म्हणून. जाहिरातींचे पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तासांचं बघणं लागतं, किंवा शॉर्ट्स असतील तर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. प्रत्येक जण सरासरी तीन मिनिटं बघतो असं धरलं तर ४००० तास म्हणजे ८०,००० व्ह्यूज होतात. त्यामुळे घरी 'यातून कमाई होईल' असं सांगून सुरू करू नका, सहा महिन्यांनी तेच वाक्य परत ऐकवलं जातं. घरी सरळ सांगा की मला हे आवडतं, परीक्षेच्या काळात बंद ठेवेन, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही, आणि तसं खरंच वागा. मी महिन्याला एकच व्हिडिओ धरते, पहिल्या आठवड्यात नुसतं जाऊन भेटणं, दुसऱ्यात शूट, तिसऱ्यात बोलणं लावणं, चौथ्यात बाकीचं एडिट आणि अपलोड, आणि सबमिशन असेल तो महिना सोडून देते. रोज टाका, अल्गोरिदमला रोज लागतं असं सांगणारे खूप भेटतील. रोज टाकून कुणाचं चांगलं झालेलं असेलही, पण रोज टाकताना काकांशी दोन तास बसून बोलता येत नाही आणि मला तेच करायचं असतं.

व्हिडिओ झाला की सगळ्यात आधी काकांना दाखवा, पब्लिक करायच्या आधी. त्यांना एखादं वाक्य नको वाटलं तर काढा. फाइल द्यायची असेल तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबून खराब करतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जाते.

पुढच्या विषयांची यादी वर्षाच्या कॅलेंडरवरून करून ठेवा. थंडीत गुऱ्हाळं चालू असतात, उसाच्या रसापासून ढेप पडेपर्यंत सगळं एका सकाळी मिळतं. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा वारकऱ्यांची दाढी करणारे, चपला शिवून देणारे, पाय चेपणारे लोक बसलेले असतात, एकाच माणसावर फोन ठेवा. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तिथे आवाजाची लेव्हल आधीच एकदम खाली आणून ठेवा. आणि दिवाळीत सोसायटीतली पोरं मातीचा किल्ला करतात, त्याचा टाइमलॅप्स सगळ्यात सोपा, पोरांच्या आईवडिलांना विचारून फोन पहिल्या मजल्याच्या खिडकीत घट्ट बसवायचा, दहा सेकंदाला एक फोटो लावायचा, चार तासांत १४४० फोटो होतात आणि २५ च्या वेगाने त्याचा जवळजवळ एक मिनिटाचा व्हिडिओ निघतो, फक्त चार्जर लावून ठेवा आणि एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका.